कुंपणावरची ग्रामसभा

"बाई, ऐकलं का? डोंगराच्या पायथ्याला जेसीबी आलाय."

"कुणाचा?"

"ते ठावं असतं तर तुमाला विचारायला आले असते का? सकाळी दूध घालून येताना नव्हता. आता बघते तर उभा. नंबर लिहून घेतलाय मी."

अक्कांनी कॅलेंडरचं फाटकं पान माझ्यापुढे नाचवलं. जुलैअखेरची उघडीप होती, भातलावणी उरकली होती. चार दिवसांनी ऊन पडलेलं, त्यामुळे गोधड्या आणि बातम्या एकदमच कुंपणावर आल्या होत्या.

आमची वस्ती मळवलीच्या अंगाला, लोहगड-विसापूरच्या पायाशी. एका बाजूला अक्कांचं घर आणि गोठा, मधे मी, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, आणि पलीकडे कोथरूडहून कायमच्या राहायला आलेल्या काकूंचा बंगला. तिघींची कुंपणं मिळतात तिथं एक सपाट दगड आहे. ग्रामसभेला गणसंख्या लागते, आमच्या सभेला फक्त चहा लागतो.

"पुन्हा प्लॉटिंग असणार," काकू आल्या आल्या म्हणाल्या. "डोंगर कापायचा, पायऱ्या पाडायच्या आणि पाटी लावायची, निसर्गाच्या कुशीत घर. कुशीच कापून टाकली तर निसर्ग झोपणार कुठं?"

"गौण खनिजाची परवानगी काढलीय का ते वडगावला तहसील कचेरीत विचारता येतं," मी माझं ज्ञान पाजळलं.

ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या नानांनी तेवढ्यात आवाज टाकला. "बायांना काय उद्योगच नाय. कुणाचा जेसीबी, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाकडं कोण आलं."

अक्का गर्रकन वळल्या. "उद्योग नसता ना, तर एक देवराई उरली नसती मावळात!"

नाना गप्प झाले. आम्हीही झालो, कारण हा मुद्दा आमच्या डोक्यात आला नव्हता.

अक्कांचं माहेर पवन मावळातलं. तिकडं अजिवलीला देवराई आहे, भेरली माडांसाठी नावाजलेली. उंच खोड, माशाच्या शेपटीसारखी पानं. माडाचा रस काढतात, पण माड तोडत नाहीत. बाकीच्या राईत तर पडलेली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, असा रिवाज. एखादं झाड काढायचंच झालं तर देवाचा कौल घ्यायचा.

"देवाच्या धाकानं राहिलं म्हणतात ते," काकू म्हणाल्या. "श्रद्धा मोठी होती लोकांची."

"निम्मं देवाचं भ्या, निम्मं शेजारणीचं," अक्का म्हणाल्या. "देव काय रात्री राईत बॅटरी घेऊन फिरतो? पण एखादीच्या चुलीत वेगळं लाकूड जळालं की धूर शेजारणीला आधी कळतो. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर विषय. तिसऱ्या दिवशी पोराला ताप आला की झालंच, देव कोपला! मंग तीच बाई नारळ घेऊन राईत. त्या ठिकाणाला इतके डोळे असायचे बघा."

काकू वाचणाऱ्या. त्यांनी लगेच गाडगीळ-वर्तकांचं नाव काढलं. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोघांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यावर लिहिलं. श्रीवर्धन भागातल्या गाणी नावाच्या गावची हकीकत त्यांच्या लिखाणात येते. तिथल्या राईची तोड होणार होती. गावकऱ्यांचं म्हणणं एवढंच, की आमच्या ओढ्याला पाणी आहे ते या राईमुळे, ती गेली की ओढा गेला. हे दोघं देवराया बघत हिंडतायत, त्यांना त्यांत रस आहे, हे कळल्यावर गावानं त्यांनाच गाठलं. त्यांनी खटपट केली आणि तोड थांबली.

"बघा," अक्का म्हणाल्या, "कोण आलंय, कशाला आलंय, त्याचा आपल्याला काय उपयोग, हे गावानं हेरलं म्हणून वाचली राई. आता ह्याला चोंबडेपणा म्हणायचा असंल तर म्हणा."

नानांनी तंबाखूची पिंक टाकून हरकत नोंदवली, एवढंच.

चहा आला. काकूंना लोणावळ्याचं फार कौतुक. म्हणाल्या, "काही म्हणा, वळवणचं तळं, लोणावळ्याचं तळं, तो भुशी, काय नैसर्गिक देणगी आहे या भागाला!"

मला राहवलं नाही. "काकू, यांतलं एकही नैसर्गिक नाही. वळवण, लोणावळा, शिरवता ही टाटांच्या जलविद्युत योजनेची धरणं. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला. आणि भुशी रेल्वेनं बांधला, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून."

"अगं बाई!" काकूंचा कप अधांतरी थांबला.

"गिरण्यांची भूक तेवढ्यावर भागली नाही. मग नंबर लागला मुळशीचा."

शाळेत मी हा धडा पुस्तकात नसतानाही शिकवत असे. नीला आणि मुळा यांच्या संगमावर टाटा कंपनीनं धरण घ्यायचं ठरवलं. पन्नासच्या वर गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास माणसं धरणाच्या जागेवर जाऊन बसली आणि काम बंद पडलं. पुढारी म्हणून पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. बापट 'सेनापती' झाले ते मुळशीतच. घोषणा होती, जान किंवा जमीन. बायासुद्धा तुरुंगात गेल्या. धरणाविरुद्धची जगातली पहिली चळवळ, असं राजेंद्र व्होरांनी आपल्या पुस्तकात म्हटलंय तिला.

"मंग धरण झालं कसं?" अक्कांनी नेमकं विचारलं.

"फूट पडली. बऱ्याचशा जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या, कसणारे मावळे. सावकाराला मोबदला चांगला मिळाला की पुरे होतं. कसणाऱ्याला जमीनच हवी होती, ते आंबेमोहराचं खाचर. एकाला रुपये दिसत होते, दुसऱ्याला शेत. तीन वर्षं चाललं. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी रुळांवर दगड रचून कामावरच्या माणसांची गाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरं झालं. गावं गेली."

"सावकार पुण्यात बसलेला. त्याला शेजार नव्हता ना," अक्का म्हणाल्या. "शेजारी राहत असता तर मोबदला घेताना मान वर करता आली असती का त्याला?"

पुण्याचं नाव निघाल्यावर काकू सरसावून बसल्या. "सगळे पुणेकर तसे नसतात हं. आम्ही वेताळ टेकडीसाठी रस्त्यावर उतरलो होतो."

ती गोष्ट आम्ही बऱ्याचदा ऐकली आहे, पण काकू सांगतात छान. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीवरून रस्ता काढायचा महापालिकेचा बेत, शिवाय बोगदे. २०२३ च्या एप्रिलात लोकांनी मोठा मोर्चा काढला. रोज पहाटे टेकडीवर फिरायला येणारे आजोबा, पक्षी बघणारी पोरं, कुत्री फिरवणारे, एरवी एकमेकांना नुसती मान हलवणारे सगळे एकत्र आले. आणि जमले कुठं? सेनापती बापट रस्त्यावर, वेताळबाबा चौकात.

"सेनापती बापटांच्या नावाच्या रस्त्यावर, एप्रिलातच," मी म्हटलं. "एकशे दोन वर्षांनी."

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही तेव्हा!" काकू खूश झाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण खरं सांगू? मोर्च्याला जितके आले ना, तितके हरकती लिहायला आले नाहीत. घोषणा द्यायला मजा येते. नकाशा घेऊन अभियंत्यासमोर बसायला कंटाळा येतो."

अक्कांनी कपाचा कान चाचपला. मग म्हणाल्या, "आमच्याकडं घोषणा दिल्या, त्याचं काय झालं ते तुमाला ठावंच हाये."

बऊर. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळानं पाणी न्यायची योजना होती. आज धरणाचं पाणी नदीत सोडतात, ते रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं आणि शहर तिथून उचलतं. वाटेवरची गावं त्याच वाहत्या पाण्यावर जगतात. शेतीचे पंप, गुरं, विहिरींचे झरे. नळात पाणी गेलं की नदीचा नाला होईल, ही मावळची भीती. त्या दिवशी शेतकरी द्रुतगती मार्गावर आले आणि गोळीबार झाला. दोन पुरुष आणि एक बाई गेली. योजनेला स्थगिती मिळाली, बारा वर्षांनी, २०२३ मध्ये, ती उठवली गेली.

"शहराला पाणी नको म्हणलं का कुणी?" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तहानल्याला पाणी द्यायची रीत हाये आपली. पण नदीतनं न्या. आमच्या दारावरनं जाऊ दे. दिसलं पाहिजे पाणी. नळात घातल्यावर किती गेलं, कुठं गेलं, कुणाला कळणार? धरणात आधीच जमिनी गेल्यात आमच्या. पुनर्वसनाचे कागद अजून फिरतायत."

काकूंच्या भाचीचं घर निगडीत. त्या घरात नळ सोडला की पवनाच येते. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, आणि अक्कांनीही मागितलं नाही.

नानांनी ओट्यावरून विषय बदलला. "तुमच्या भाच्याचे तंबू काय म्हणतात?"

झालं! अक्कांच्या दुखऱ्या जागी बोट. पवना धरणाच्या काठानं तंबूंची रांग लागलीय, आणि त्यांतले काही अक्कांच्या सख्ख्या भाच्याचे. शनिवारी रात्री गाणी, शेकोट्या, सकाळी प्लास्टिकच्या पेल्यांचा सडा. "चार पैसे मिळतात पोराला, नाय म्हणत नाय," अक्का कुरकुरल्या. "पण आवाज किती! पहिली काजवे दिसायचे पावसाच्या तोंडाला, झाडंच्या झाडं लुकलुकायची. आता काजव्याला बिचाऱ्याला कळत नसंल, आपली कोणती आणि भाच्याची लायटिंग कोणती."

"राजमाचीला काजवे बघायला म्हणून गाड्यांची रांग लागते," काकू म्हणाल्या. "दिवे सोडून सगळं चमकतं म्हणून गेलेली माणसं दिवे लावूनच जातात."

पर्यटकांचा विषय निघाला की आमची सभा लांबते. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी लोहगडावर एवढी गर्दी झाली की माणसं दरवाजात तासन्‌तास अडकली, पुढं जाता येईना की मागं. २०२५ च्या जुलैत गड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून. मान मोठा, पण पायऱ्या त्याच. ३० जून २०२४ ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीनं कोसळला, चार जण गेले. दोन्ही रविवार. प्रत्येक वेळी पाण्यात आणि दरीत उतरतात ती शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची इथलीच पोरं.

"मग बंदी येते," मी म्हटलं. "काठावर फलक लागतात, पोलीस उभे राहतात, मक्याच्या कणसाच्या गाड्या उठवतात. पंधरा दिवसांनी फलकाला टेकून लोक फोटो काढतात."

"कणसाच्या गाडीवाल्याला उठवू नये," अक्का ठामपणे म्हणाल्या. "त्यालाच विचारावं. पाणी कुठं दगा देतं, कुठल्या दगडाला शेवाळ हाये, वर पाऊस लागला की किती वेळात लोंढा येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठावं? त्यो रोज तिथं उभा असतो."

काकूंनी मान डोलावली. मग त्यांच्या मनात होतं ते निघालं. "मला खरी भीती वाटते ती डोंगराची. माळीण आठवतं ना?"

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं. मग जुलै २०२३ मध्ये घाटाखाली इर्शाळवाडी, ती रात्रीत. माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्याच तारखेला केरळात वायनाडला तसंच झालं, आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना केंद्रानं काढली. मसुदाच, आणि तोही सहावा. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर त्यात धरलंय. त्याच विषयावरचा गाडगीळ समितीचा अहवाल आला होता २०११ मध्ये.

"आमच्या लोकांना त्याचं भ्या वाटतं," नाना ओट्यावरून उठून कुंपणाशी आले. आज पहिल्यांदाच. "गोठ्यावर पत्रा टाकायचा तरी दिल्लीला विचारावं लागंल म्हणतात. आणि मुंबईवाल्यानं डोंगर खणला तर त्याला कुनी विचारत नाय."

"गाडगीळांचं म्हणणं नेमकं उलट होतं," काकू म्हणाल्या. "ग्रामसभेला विचारा, लोकांनी ठरवावं, वरून लादू नका."

"मंग हे इथं येऊन कुनी सांगितलं आमाला? पेपरात आली ती बंदी."

नानांचं चूक नव्हतं. जो नियम कुणी समोर बसून समजावत नाही, त्याची गावात अफवाच होते.

"बरं, त्या जेसीबीचं मी विचारून आलो मघाशी," नाना सहज म्हणाले. "तुमचा चहा चालला व्हता तवा."

"आणि आता सांगताय!" अक्का कडाडल्या.

"ग्रामपंचायतीनं मागवलाय. रस्त्याखालची मोरी तुंबली. वरनं गाळ आला, पाणी रस्त्यावरनं चाललंय. मोरी मोकळी करायला आलाय."

म्हणजे प्लॉटिंग नाही, डोंगर कापणं नाही. मला वाटलं अक्का ओशाळतील. त्या मुळीच ओशाळल्या नाहीत. "आज मोरी असंल, उद्या प्लॉट असंल. विचारलं ते बरंच झालं. आता त्या ड्रायव्हरला कळलं ना, इथली माणसं विचारतात म्हणून? त्यो चार गावांत सांगंल. आणि एवढा गाळ आला कुठनं, ते नाय विचारलं तुमी?"

नानांनी नजर चुकवली. ते त्यांनी विचारलेलं दिसत होतं.

मी तेवढ्यात माझी जुनी टकळी लावली. जैवविविधता कायदा २००२ चा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिनं लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची. आपल्या शिवारात झाडं कोणती, ओढे किती, कुठल्या झऱ्याला मे महिन्यातही पाणी असतं, देवराई कुठवर आहे, कोणता पक्षी कधी येतो. पुष्कळ ठिकाणी अशी वही बाहेरचं कुणी तरी भरून देतं आणि ती कपाटात जाते. ती आपण भरली तर? लिहिलेलं असलं की 'इथं ओढा नव्हताच' असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पुण्यातल्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तो याच कायद्यानं. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. तिथं विषय मांडायचा.

काकूंना कल्पना एकदम पसंत. "मी फॉर्म आणते! पक्ष्यांची यादी तर माझ्याकडे तयारच आहे. स्वर्गीय नर्तक दोनदा पाहिलाय मी. आणि तंबूंच्या आवाजाचीही नोंद करू. कुणाचे आहेत ते न बघता."

शेवटचं वाक्य अक्कांकडे न बघता म्हटलेलं होतं.

अक्का हसल्या. "लिवा ना. भाचा माझा असला तरी काजवे त्याचे नाहीत. पण मंग ओढ्यापासनं सुरू करू. डोंगरावरनं येणारा ओहोळ पहिली कुठनं जायचा, नाना?"

"काकूंच्या आंब्याखालनं," नाना हळूच म्हणाले. "भिंत घातली तवा वळला. तीच माती आलीय मोरीत."

काकूंचा चेहरा उतरला. ती भिंत त्यांच्या यजमानांनी बांधली होती, बंगला घेतला त्या साली. दगडी, देखणी, वर बोगनवेल. तिच्याखाली ओहोळ होता हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. आम्हीही, सगळं माहीत असून, इतकी वर्षं त्यांच्या घरचा चहा पीत बोललो नव्हतो.

"भिंत पाडायची का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, हिशेब होता.

"पाडता कशाला? खालनं चार नळ्या टाका, नायतर कमान काढा. गवंडी मी देते. माझ्याच जावेचा पोरगा हाये, जास्त मागितलं तर मला सांगा," अक्का म्हणाल्या. "आणि राग मानू नका. डोंगरावर लक्ष ठेवायचं तर शेजाऱ्यावर आधी ठेवावं लागतं. तुमी माझ्या भाच्याचं लिवा, मी तुमच्या भिंतीचं लिवते, बाई शुद्धलेखन बघतील."

"आणि मी?" नानांनी विचारलं.

"तुमी ग्रामसभेत हात वर करायचा. तंबाखू मळताना करता येत नाय तो, म्हणून आत्ताच सांगून ठेवते."